लिंकन पडला ती सीट

अब्राहम लिंकन सिनेटसाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, दोनदा प्रयत्न करून दोनदा पडला हे बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, ते मोटिव्हेशनल फॉरवर्ड येतात ना, धंदा बुडाला, निवडणूक हरला, तरी प्रेसिडेंट झाला वगैरे, त्यात हे हमखास असतं. पण त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे त्या दोन्ही वेळी इलिनॉयमधल्या एकाही साध्या मतदाराला लिंकनच्या नावावर मत देताच येत नव्हतं. सिनेटर निवडायचे ते राज्यातल्या आमदारांनी. म्हणजे आपल्याकडे राज्यसभेचं आहे जवळपास तसंच, फक्त तिथे पसंतीक्रमाची भानगड नाही, दोन्ही सभागृहं एकत्र बसवायची आणि ज्याला निम्म्याच्या वर मतं तो सिनेटर. आणि आपल्याकडे राज्यसभा किंवा विधान परिषद आली की हॉटेलं कशी बुक होतात हे माहीत असलेल्या माणसाला पुढची अर्धी गोष्ट न सांगताच कळेल.

मी या सगळ्यात शिरलो माझ्या मावसबहिणीमुळे. ती शिकागोजवळ नेपरव्हिलला असते, सिटिझनशिप मिळाल्यावर २०२४ला तिने तिकडे पहिल्यांदा मतदान केलं आणि रात्री मला मेसेज, दादा, प्रेसिडेंट होता, काँग्रेसमन होता, कोर्टाचे जज्जसुद्धा होते, पण सिनेटर कुठेच नव्हता, मी काही पान उलटायला विसरले का? नाही विसरली. त्या वर्षी इलिनॉयमध्ये सिनेटची निवडणूकच नव्हती. झालंय असं की प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, प्रत्येकाची टर्म सहा वर्षांची, पण सगळ्या शंभर जणांना एकदम निवडत नाहीत, तीन गट केलेत, आणि दर दोन वर्षांनी एका गटाची पाळी येते. एकाच राज्याच्या दोन सीटा कधीच एका गटात नसतात. इलिनॉयच्या सीटा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात, त्यामुळे दर सहा वर्षांत एकदा तिथे सिनेटचं वर्ष कोरडं जातं, आणि ते नेमकं तिच्या वाट्याला आलं.

(सिनेट म्हटलं की मुंबईत आधी युनिव्हर्सिटीचं सिनेट आठवतं, ते वेगळं. आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून आले तेही सिनेट नाही, ते हाऊस, म्हणजे आपल्या लोकसभेसारखं, तिथे लोकसंख्येप्रमाणे जागा. सिनेटमध्ये मात्र सव्वा कोटीच्या वर वस्तीचं इलिनॉय आणि सहा लाखांच्याही आतलं वायोमिंग, दोघांनाही सारखेच दोन. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १, तसं तिथे नाही.)

आता इलिनॉयच्या दोन सीटांपैकी दुसऱ्या गटातली सीट त्यातल्या त्यात गरीब. खरी वांड सीट आहे ती तिसऱ्या गटातली. मी यादी लावून बघितली तेव्हा मलाच हसू आलं, कारण विकत घेतलेली सीट, निवडून येऊनही बसू न दिलेला माणूस, ओबामा, फोन टॅपिंग, जेलात गेलेला गव्हर्नर, हे सगळं त्या एकाच खुर्चीभोवती. कुंडलीतच दोष म्हणावा असं. लिंकन मात्र निःपक्षपाती, तो दोन्ही सीटांवर एकेकदा पडला.

सुरुवात १८१८ची. इलिनॉय तेव्हा एकविसावं राज्य म्हणून आत आलं आणि दोन सिनेटर पाठवले, निनियन एडवर्ड्स आणि जेसी थॉमस. नवीन राज्य आलं की कुणाची सीट कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, तर एडवर्ड्सच्या नशिबी जी आली तिची टर्म तीन महिन्यांतच संपत होती, बिचाऱ्याला लगेच परत निवडून यावं लागलं. हीच ती तिसऱ्या गटाची सीट, म्हणजे पहिल्या दिवसापासून कटकट. या एडवर्ड्सचा मुलगा पुढे लिंकनचा साडू झाला. लिंकनची बायको मेरी टॉड आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी, लिंकनचं लग्नही त्या साडूच्याच घरात लागलं. स्प्रिंगफील्ड तेव्हा केवढंसं, सगळे एकमेकांचे पाहुणे, हे लक्षात ठेवा कारण लगेच कामाला येणार आहे.

१८५५ला ही सीट जेम्स शील्ड्स नावाच्या डेमोक्रॅटकडे होती. मूळचा आयर्लंडचा, आणि अमेरिकेच्या इतिहासात तीन वेगवेगळ्या राज्यांतून सिनेटर झालेला हा एकटाच माणूस, इलिनॉय, मिनेसोटा, मिझुरी. त्याच्याच सीटवर लिंकनचा डोळा होता, आणि या दोघांचं जुनं होतं. १८४२मध्ये शील्ड्स राज्याचा ऑडिटर असताना त्याने टॅक्स भरायला स्टेट बँकेच्या नोटा चालणार नाहीत असं फर्मान काढलं, त्यावर पेपरात कुणा ‘रेबेका’च्या नावाने त्याची टर उडवणारी पत्रं आली, काही लिंकनची, आणि काहींत मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन या दोघींचा हात. शील्ड्स भडकला, नाव विचारलं, लिंकनने सगळं स्वतःवर घेतलं आणि प्रकरण थेट द्वंद्वापर्यंत. हत्यार निवडायचा मान लिंकनचा, त्याने घोडदळाच्या लांब तलवारी मागितल्या, का तर हा सहा फूट चार इंच, याचे हात एवढे लांब की समोरचा जवळच येऊ शकणार नाही. दोघं मिसिसिपी नदीतल्या बेटावर पोचलेसुद्धा, मग लोकांनी मध्ये पडून मिटवलं.

तर तेरा वर्षांनी हेच दोघं विधिमंडळात समोरासमोर. दोन्ही सभागृहं मिळून शंभर आमदार, लागतात ५१. पहिल्या फेरीत लिंकनला चव्वेचाळीस-पंचेचाळीस, शील्ड्सला ४१, आणि लायमन ट्रम्बुल नावाच्या माणसाला फक्त ५. हे पाच जण म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावरून स्वतःच्या पक्षावर रुसलेले डेमोक्रॅट, त्यांचं म्हणणं लिंकन व्हिग पक्षाचा, म्हणजे डेमोक्रॅटांच्या जुन्या विरोधी पक्षाचा, आम्ही व्हिगला मत देणार नाही म्हणजे नाही. फेऱ्यांवर फेऱ्या. मग डेमोक्रॅटनी शील्ड्सला बाजूला करून गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं आणि तो ५१च्या पार तोंडाशी आला, लिंकनची माणसं गळायला लागली. लिंकनच्या लक्षात आलं की आपण अडून बसलो तर मॅटेसन येतोय, तेव्हा त्याने आपल्या उरलेल्या माणसांना सांगितलं ट्रम्बुलला द्या. दहाव्या फेरीत पाच मतंवाला ट्रम्बुल ५१वर निवडून आला. चाळीसच्या वर मतं असलेला घरी आणि पाचवाला दिल्लीला, म्हणजे वॉशिंग्टनला, हे आपल्याला फार नवीन नाही.

आणि आता ते पाहुणेपण. ट्रम्बुलची बायको कोण, तर तीच ज्युलिया जेन, जिच्याबरोबर मेरीने ती टवाळीची पत्रं लिहिली होती, जी मेरीच्या लग्नात करवली होती. त्या दिवसानंतर मेरीने तिच्याशी बोलणं टाकलं असं सांगतात. लिंकन मात्र ट्रम्बुलच्या पार्टीला जाऊन हात मिळवून आला. पुढे गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती सिनेटच्या ज्या कमिटीतून आली तिचा अध्यक्ष हाच ट्रम्बुल, त्यामुळे लिंकनचं ते मत पाण्यात गेलं असं काही म्हणता येत नाही.

दुसऱ्यांदा लिंकन उभा राहिला १८५८ला, या वेळी दुसऱ्या सीटवर, समोर स्टीफन डग्लस. डग्लस उंचीला पाच फूट चार इंच पण देशभर नाव, लोक त्याला ‘छोटा राक्षस’ म्हणायचे. त्या दोघांच्या सात गावांतल्या सात सभा म्हणजे ते प्रसिद्ध वादविवाद. फॉरमॅट ऐका, पहिला माणूस एक तास बोलणार, मग दुसरा दीड तास, मग परत पहिला अर्धा तास. तीन तास! ना माईक ना खुर्च्या, लोक उभे राहून ऐकायचे, रेल्वेने, बैलगाड्या-घोडागाड्यांतून यायचे. विषय एकच, गुलामगिरी नवीन प्रदेशांत पसरू द्यायची का. गेल्सबर्गला कॉलेजच्या इमारतीला टेकून स्टेज बांधलं होतं, तिथे जायला इमारतीच्या खिडकीतून उतरावं लागलं, तेव्हा शाळेचं फारसं तोंड न पाहिलेला लिंकन म्हणाला म्हणे की चला, शेवटी कॉलेजमधून पार झालो एकदाचा.

पण मुद्दा हा की एवढी तीन-तीन तास भाषणं ऐकून लोक मत देत होते ते आपापल्या आमदाराला. बॅलटवर ना लिंकन ना डग्लस. लिंकनच्या पक्षाच्या आमदारांना राज्यात एकूण मतं थोडी जास्तच पडली होती, पण मतदारसंघांच्या हद्दी जुन्या लोकसंख्येवर आखलेल्या, उत्तरेकडे वस्ती वाढलेली ती हिशोबात नाही, शिवाय राज्याच्या वरच्या सभागृहातले निम्मे सदस्य आधीच्या निवडणुकीतले, त्यात डेमोक्रॅट जास्त. जानेवारी १८५९मध्ये आमदारांनी मतदान केलं, डग्लस ५४, लिंकन ४६. लोकांची मतं एकीकडे आणि सीट दुसरीकडे. लिंकनने त्या सभांची भाषणं छापून पुस्तक काढलं, त्याने तो देशभर माहीत झाला आणि दोन वर्षांच्या आत त्याच डग्लसला पाडून प्रेसिडेंट झाला, ते फॉरवर्डमध्ये असतंच.

त्या काळात लोकांना हे सगळं वाटायचं कसं, तर घटना लिहिणाऱ्यांचा हेतू तसा वाईट नव्हता. सिनेटर हा राज्याचा वकील, मग राज्याच्या विधिमंडळाने त्याला पाठवावा, शहाण्यासुरत्या लोकांनी शांतपणे निवडावा, असा हिशोब. फक्त तो कागदावरचा. प्रत्यक्षात मतदार जेवढे कमी तेवढा त्यातल्या एकेकाचा भाव चढा, हे गणित त्यांनी धरलंच नाही.

दोन किस्से सांगतो, दोन्ही इलिनॉयचेच. १८७६च्या प्रेसिडेंटच्या निवडणुकीत निकालावरून एवढा गोंधळ झाला की हेज जिंकला की टिल्डन हे ठरवायला १५ जणांचं कमिशन नेमायचं ठरलं, सात या पक्षाचे, सात त्या पक्षाचे आणि पंधरावा कुणाच्याच बाजूचा नसलेला सुप्रीम कोर्टाचा जज्ज, डेव्हिड डेव्हिस, इलिनॉयचाच, एकेकाळी लिंकनचा प्रचार सांभाळलेला. म्हणजे याच्या एका मतावर देशाचा प्रेसिडेंट ठरणार. आणि नेमकं त्याच वेळी इलिनॉयच्या विधिमंडळात अपक्ष आणि डेमोक्रॅट आमदारांनी मिळून त्यालाच सिनेटर म्हणून निवडून टाकलं. डेव्हिसने ती संधी साधली आणि कमिशनवर जायला नकार दिला. त्याच्या जागी आला रिपब्लिकन विचाराचा जज्ज, निकाल ८ विरुद्ध ७, हेज प्रेसिडेंट, टिल्डन गेला. टिल्डन डेमोक्रॅट होता. स्वतःच्याच पायावर धोंडा याहून मोठा कुणी पाडून घेतला असेल असं मला वाटत नाही.

दुसरा १८८५चा, हा माझा सगळ्यात आवडता. तिसऱ्या गटाची सीट, रिपब्लिकन जॉन लोगन परत यायला बघतोय पण विधिमंडळात दोन्ही बाजू इतक्या तंतोतंत की महिनोन्‌महिने कुणीच निवडून येईना. त्यात मध्येच एक डेमोक्रॅट आमदार वारला. त्याचा मतदारसंघ डेमोक्रॅटचा पक्का बालेकिल्ला, पोटनिवडणूक म्हणजे नुसती औपचारिकता, म्हणून ते निवांत. रिपब्लिकननी उमेदवारच दिला नाही असं दाखवलं. ना सभा ना पत्रकं. पण गावोगाव शिलाई मशीन विकणारे, घरावर वीजरोधक बसवून देणारे, गुरं खरेदी करणारे एजंट फिरायला लागले, ती सगळी पक्षाची माणसं, खिशात छापील मतपत्रिका, घरोघरी आपल्या माणसाला गुपचूप एकच सांगायचे की दिवसभर मतदानाला जायचं नाही, शेतात काम करत बसायचं, आणि दुपार कलली की एकदम जायचं. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्षच छापून वाटायचे, म्हणून हे जमलं. डेमोक्रॅट दिवसभर बघतात तर मतदान थंड, तेही आळसावले, आणि संध्याकाळी रिपब्लिकन लोटले. सीट गेली, एक मत फिरलं, मे महिन्यात लोगन सिनेटर. हे वाचताना आपल्याकडचे भले भले चाणक्य आठवतात पण शिलाई मशीन घेऊन फिरायची आयडिया अजून कुणाला सुचलेली नाही.

अशी कोंडी सगळीकडेच व्हायची. १८६६ला कायदा केला होता की आधी सभागृहांनी वेगवेगळं मतदान करा, जमलं नाही तर एकत्र बसा आणि रोज निदान एक फेरी घ्या, निवडून येईपर्यंत. त्याने झालं एवढंच की आमदारांचं बाकीचं काम बाजूला पडून रोजच्या रोज फेरी आणि फेरीच्या आधी-मागे वाटाघाटी. डेलावेअरमध्ये तर १९०१ ते १९०३ दोन वर्षं एकही सिनेटर नव्हता, दोन्ही खुर्च्या रिकाम्या, कारण जमेचना.

आणि मग आला लोरिमर. विल्यम लोरिमर, शिकागोचा रिपब्लिकन बॉस, सोनेरी केसांचा म्हणून त्याला ‘ब्लाँड बॉस’ म्हणायचे. १९०९च्या जानेवारीपासून इलिनॉयचं विधिमंडळ सिनेटर निवडायला बसलं होतं आणि मे संपत आला तरी निवडत नव्हतं. २६ मेला, ९५व्या फेरीत, लोरिमर अचानक निवडून आला, आणि त्याला पन्नासच्या वर मतं पडली ती विरोधी डेमोक्रॅट आमदारांची. आपल्या भाषेत क्रॉस व्होटिंग, पण दोन-चार नाही, घाऊक. आता कुणालाही शंका येणारच, पण पुरावा नाही.

पुरावा आला वर्षभराने. ३० एप्रिल १९१०ला शिकागो ट्रिब्यूनने पहिल्या पानावर चार्ल्स व्हाइट नावाच्या डेमोक्रॅट आमदाराचा कबुलीजबाब छापला, लोरिमरला मत द्यायचे मला एक हजार डॉलर मिळाले. शिवाय अधिवेशन संपल्यावर वेगळे ९००. हे ९०० कसले, तर त्याला ते ‘जॅकपॉट’ म्हणायचे, म्हणजे अधिवेशनभर वेगवेगळ्या बिलांसाठी ज्यांनी ज्यांनी पैसे दिले ते एका ठिकाणी जमा करायचे आणि शेवटी सगळ्यांनी वाटून घ्यायचे, भिशी फुटते तसं. आणि ही भिशी फुटली सेंट लुईसच्या एका हॉटेलात, एकेका आमदाराला बाथरूममध्ये बोलवायचे आणि हातात नोटा. बाथरूममध्ये! मला ते दृश्य डोळ्यासमोरून जात नाही, बाहेरच्या खोलीत बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत बसलेले, दाढी करायला न्हाव्याकडे बसावं तसे.

यानंतरही लोरिमर लगेच गेला नाही. सिनेटने चौकशी केली आणि मार्च १९११मध्ये ४६ विरुद्ध ४० मतांनी त्याला सोडून दिलं. लोक खवळले, नवीन माहिती आली, परत चौकशी, आणि १३ जुलै १९१२ला ५५ विरुद्ध २८ने ठरवलं की ही निवडणूक झालीच नाही असं समजा. तीन वर्षं तो सिनेटर म्हणून बसला, मतं दिली, आणि मग कळलं की तो कधी सिनेटर नव्हताच.

याच्या दोनच महिने आधी, मे १९१२मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, सतरावी घटनादुरुस्ती पास केली होती, सिनेटर थेट लोकांनी निवडायचे. मागणी त्याआधी कित्येक वर्षं चालू होती, हाऊसने तर अनेकदा ठराव केला होता, सिनेट दाबून ठेवायचं, कारण ज्यांना आमदारांनी निवडलंय ते कशाला बदलतील. मग ऑरेगनसारख्या राज्यांनी पळवाट काढली, लोकांचं मतदान घ्यायचं आणि आमदारांकडून आधीच लिहून घ्यायचं की लोक ज्याला निवडतील त्यालाच आम्ही मत देऊ. असं होत होत निम्म्याहून जास्त राज्यं तिकडे झुकली होती, आणि त्यात लोरिमरच्या भानगडीने उरलासुरला संकोच घालवला. ८ एप्रिल १९१३ला पुरेशा राज्यांनी मान्यता दिली. इलिनॉयमध्ये लोकांनी पहिल्यांदा सिनेटर निवडला १९१४ला, आणि तो निवडला त्याच लोरिमरवाल्या सीटवर, लॉरेन्स शर्मन.

पण त्या दुरुस्तीत एक छोटंसं वाक्य आहे ते नीट लक्षात ठेवा. सीट मध्येच रिकामी झाली, सिनेटर वारला किंवा राजीनामा दिला, तर निवडणूक होईपर्यंत राज्याचं विधिमंडळ गव्हर्नरला तात्पुरता माणूस नेमायचा अधिकार देऊ शकतं. सोय म्हणून बरोबर आहे. (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार तोच बघतो.) म्हणजे शंभर-दोनशे आमदारांचा दरवाजा बंद केला पण एक माणूस जाईल एवढी खिडकी उघडी राहिली.

लोक मत द्यायला लागले म्हणून पैसा गेला का, तर नाही, पैशाने फक्त पत्ता बदलला. आमदारांच्या खिशातून तो प्रचारात गेला. १९२६ला याच सीटवर फ्रँक स्मिथ निवडून आला, लोकांनी रीतसर निवडला. हा इसम वीज, गॅस, ट्राम यांचे दर ठरवणाऱ्या राज्य कमिशनचा चेअरमन, आणि त्याच्या प्रचाराला सव्वा लाख डॉलरच्या आसपास दिले कुणी, तर शिकागोच्या वीज कंपनीचा मालक सॅम्युअल इन्सलने. म्हणजे ज्याचे दर ठरवायचे त्याच्याच पैशावर प्रचार. त्यातच जुना सिनेटर वारला म्हणून गव्हर्नरने उरलेल्या दिवसांसाठीही स्मिथलाच नेमलं. सिनेटने दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवलं, शपथच घेऊ दिली नाही. शेवटी १९२८ला तो कंटाळून बाजूला झाला.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९३०ला दुसऱ्या सीटवर रूथ हॅना मकॉर्मिक उभी राहिली, मोठ्या पक्षाकडून सिनेटचं तिकीट मिळालेल्या देशातल्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक, पडली. १९५०ला आपल्या त्या सीटवर आला एव्हरेट डर्कसन, आणि तो येताना डेमोक्रॅटांचा सिनेटमधला नेता स्कॉट लुकस यालाच पाडून आला. डर्कसनचा खरा दिवस १० जून १९६४. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचं बिल दक्षिणेकडच्या डेमोक्रॅट सिनेटरांनी नुसतं बोलून बोलून अडवलं होतं, तिथे भाषण थांबवायला तेव्हा शंभरपैकी ६७ मतं लागायची. प्रेसिडेंट डेमोक्रॅट, अडवणारे डेमोक्रॅट, आणि मतं गोळा केली विरोधी पक्षनेता असलेल्या या रिपब्लिकन डर्कसनने, ७१ विरुद्ध २९. एवढा मोठा माणूस, पण त्याचा दुसरा ध्यास काय तर झेंडूला अमेरिकेचं राष्ट्रीय फूल करा! वर्षानुवर्षं ठराव मांडायचा, घसा बसलेल्या त्या खर्जातल्या आवाजात झेंडूवर भाषणं द्यायचा. शेवटी १९८६ला मान मिळाला गुलाबाला. त्याच्या पेकिन गावात मात्र दर सप्टेंबरात झेंडूचा उत्सव असतो, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या जरा आधी.

आता प्रायमरी म्हणजे काय ते १९९२वरून सांगतो, सोपं जाईल. तिकडे तिकीट हायकमांड देत नाही, पक्षाचे मतदार आधी आपसात मतदान करून उमेदवार ठरवतात, ती प्रायमरी. तिसऱ्या गटाच्या सीटवर तेव्हा ॲलन डिक्सन, डेमोक्रॅट, आयुष्यात एकही निवडणूक न हरलेला. पण लैंगिक छळाचे आरोप झालेल्या क्लॅरेन्स थॉमसला सुप्रीम कोर्टात पाठवायच्या बाजूने त्याने मत दिलं आणि बायका संतापल्या. प्रायमरीत समोर दोघं, एक पैसेवाला वकील ज्याने सगळी जाहिरातबाजी डिक्सनच्या नावाने बोटं मोडण्यात घालवली, आणि दुसरी कॅरल मोझली ब्राउन, तिच्याकडे पैसा कमी. दोघांच्या भांडणात तिसरीचा लाभ, ३८ टक्क्यांवर ब्राउन आली आणि नोव्हेंबरात जिंकून सिनेटमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री झाली. इलिनॉयच्या प्रायमरीत ५० टक्के लागतच नाहीत, सगळ्यात जास्त ज्याला तो जिंकला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एक टर्म करून १९९८ला ती पडली, जो जिंकला त्याने परत उभं राहायला नकार दिला, आणि २००४ला सीट मोकळी. डेमोक्रॅटांकडून प्रायमरी जिंकला शिकागोचा एक, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य, बराक ओबामा. रिपब्लिकन उमेदवार होता जॅक रायन, देखणा, श्रीमंत, पण त्याच्या घटस्फोटाची कोर्टातली कागदपत्रं जून महिन्यात उघड झाली आणि त्याला माघार घ्यावी लागली. निवडणूक तोंडावर, उमेदवार नाही, पक्षाची नुसती पळापळ, फुटबॉलचा माजी कोच माइक डिट्का यालासुद्धा विचारून झालं, त्यानेही नाही म्हटलं. शेवटी ॲलन कीज नावाच्या माणसाला मेरीलँडहून आयात केलं. निकाल ७० टक्के विरुद्ध २७. ओबामाच्या भाषणांबद्दल सगळे बोलतात पण त्या सीटने त्याला जो गालिचा अंथरून दिला त्याबद्दल फार कमी.

आणि आता ती खिडकी. नोव्हेंबर २००८ला ओबामा प्रेसिडेंट म्हणून निवडून आला, १६ तारखेला सिनेटचा राजीनामा दिला, टर्म अजून दोन वर्षं बाकी. सीट कुणाला द्यायची हे ठरवणार एकटा माणूस, गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच. त्याची आधीच चौकशी चालू होती, फोन टॅप होते, त्याला पत्ता नाही. एफबीआयच्या टेपवर तो शिव्या घालून सांगतोय की माझ्या हातात हे सोनं आलंय, फुकट कसं सोडू. कधी त्याला ओबामाच्या कॅबिनेटमध्ये मंत्रिपद हवं, कधी प्रचाराला निधी, कधी बायकोसाठी काही. ९ डिसेंबरला पहाटे एफबीआय घरी आली.

अटक झाली तरी पद जात नाही ना, जामिनावर सुटून आला आणि ३० डिसेंबरला रोलंड बरिस नावाच्या ज्येष्ठ नेत्याला नेमून मोकळा. बरिस ६ जानेवारीला कॅपिटॉलला, म्हणजे संसदेच्या इमारतीत, गेला तर राज्याच्या सेक्रेटरीची सही नाही म्हणून परत पाठवलं, बाहेर येऊन पावसात उभं राहून पत्रकारांशी बोलला, फ्रँक स्मिथचीच आठवण यावी. पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं त्या सहीची गरज नाही, आणि १५ जानेवारीला त्याला शपथ मिळाली. ब्लागोयेविचला महाभियोगात राज्याच्या वरच्या सभागृहाने ५९ विरुद्ध शून्यने काढलं, स्वतःच्या पक्षाचंही एक मत नाही.

पुढे त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली, पण २०१५ला वरच्या कोर्टाने काही आरोप रद्द केले, आणि त्यातला युक्तिवाद मला फार विचार करायला लावतो. कोर्ट म्हणालं की मी याला सीट देतो, तुम्ही मला मंत्रिपद द्या, ही राजकारणातली देवाणघेवाण, हा गुन्हा नाही, पदाच्या बदल्यात पद चालतं. सीटच्या बदल्यात पैसे मागितले तर गुन्हा. शिक्षा काही कमी झाली नाही, ती ट्रंपने २०२०ला केली, जवळपास आठ वर्षं आत काढल्यावर, आणि २०२५ला पूर्ण माफीही दिली. १८५५ला मॅटेसनने काय काय कबूल केलं असेल आणि त्यातलं किती या कोर्टात बसलं असतं असं उगाच मनात येतं.

यातून एक विचित्र प्रकार झाला तो मावसबहिणीला सांगितला तर तिचा विश्वास बसेना. कोर्टाने म्हटलं की नेमलेला माणूस हा निवडणूक होईपर्यंतचाच, म्हणून ओबामाच्या टर्मचे जे शेवटचे काही आठवडे उरलेत त्यांच्यासाठीसुद्धा लोकांनीच निवडायला पाहिजे. त्यामुळे नोव्हेंबर २०१०ला इलिनॉयच्या मतदाराने एकाच सीटसाठी एकाच बॅलटवर दोनदा मत दिलं, एक त्या उरलेल्या आठवड्यांचं आणि एक पुढच्या सहा वर्षांचं. मार्क कर्क दोन्ही जिंकला आणि २९ नोव्हेंबरला आत जाऊन बसला. एडवर्ड्सला १८१८ला जी तुटपुंजी टर्म मिळाली होती तिचा रेकॉर्ड त्याच सीटवर मोडला.

२०१६ला कर्कला पाडून टॅमी डकवर्थ आली, इराकमध्ये हेलिकॉप्टर पाडलं गेलं त्यात दोन्ही पाय गमावलेली. एप्रिल २०१८ला तिला मुलगी झाली, सिनेटर असताना बाळंत झालेली पहिलीच बाई, आणि सिनेटच्या नियमांत लहान मुलाला सभागृहात आणायची परवानगीच नव्हती. नियम बदलावा लागला. दहा दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन ती मत द्यायला आली, ज्या सीटसाठी शील्ड्स, लोरिमर, ब्लागोयेविच एवढे भांडले त्या सीटचं मत.

ती सीट आता २०२८ला. त्याआधी दुसरी, गरीब सीट. डग्लसची. डिक डर्बिन तिथे १९९७पासून बसलेला, त्याने सांगून टाकलं की २०२६ला मी नाही, म्हणजे तीस वर्षांनी ती पहिल्यांदा मोकळी झाली. मावसबहिणीला कळवलंय, आता पान उलटून बघायची गरज नाही, सिनेटर असेल. तिचं उत्तर आलं, पण दादा, प्रायमरीला कुठल्या पक्षाचा कागद मागायचा ते मतदान केंद्रावर सगळ्यांसमोर सांगायचं का? इलिनॉयमध्ये सांगावं लागतं.